फैलकावरची बुजवलेली घरं

आमची मुलगी कुवेतमध्ये जन्मली आणि कुवेतमध्येच गेली. मधले दिवस इतके थोडे होते की तिचं नाव ठेवायचंही राहून गेलं.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. मी एका सरकारी इस्पितळाच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. माझे यजमान मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत, इन्स्ट्रुमेंटच्या कामावर. दोघंही मिरजेकडचे. खैतानला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं घर होतं. खाली बकाला, म्हणजे किराणा मालाचं दुकान, त्याला लागून इस्त्रीवाला, आणि रस्त्याच्या कडेनं कायम पाण्याचा टँकर उभा. संध्याकाळी शिफ्टच्या बसेस येऊन थांबल्या की सगळा रस्ता हातात डबे घेतलेल्या माणसांनी भरून जायचा. त्या गर्दीत हे कुठं आहेत ते मी गच्चीवरून चालीवरून ओळखायची. पोट पुढं आल्यावरही मी ते सोडलं नव्हतं.

मुलगी दिवस भरायच्या आधीच झाली. श्वास नीट घेत नव्हती. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि तिच्या रक्ताचे नमुने माझ्याच लॅबमध्ये जात होते. माझ्याबरोबर काम करणारी एक केरळी मुलगी होती. ती रोज ड्यूटी संपली की माझ्या खाटेपाशी येऊन बसायची, केस विंचरून द्यायची, हवापाण्याचं बोलायची. नमुन्यांबद्दल एक शब्द काढायची नाही. मी स्वतः कितीतरी नातेवाइकांसमोर तशीच गप्प बसले होते, त्यामुळे त्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळत होता. तरी मी तिला विचारलं नाही. विचारलं नाही तोवर काही झालेलं नाही, असं मला वाटत असावं.

मुलगी गेली त्या दिवशी बाहेर धुळीचं वादळ होतं. जून महिना. खिडकीच्या काचेपलीकडे सगळं तांबूस, दिवसाही दिवे लावलेले. मला टाके पडले होते आणि ताप होता. हे आले, खाटेच्या कडेला उभे राहिले. मी म्हटलं, "लहान बाळाला जाळत नाहीत. पुरायचं असतं."

"माहीत आहे मला."

"मीठ न्या बरोबर. खाली घालतात मीठ. आणि स्वतः उभं राहून करून घ्या."

"हो."

त्यांनी इस्पितळाखालच्या दुकानातून मिठाचा पुडा आणला, मला दाखवला, आणि इस्पितळाच्या दोन माणसांबरोबर गेले. दुपार कलल्यावर परत आले. पापण्यांवर, कानांवर, शर्टाच्या कॉलरवर धूळ होती. "झालं," म्हणाले.

"कुठं?"

"शहराबाहेर. आपल्यासारख्यांसाठी जागा आहे एक."

"खूण काय तिथं?"

"खूण कसली? सगळी वाळूच आहे."

घरी आल्यावर मी मागं लागले, की मला ती जागा दाखवा. आधी माझे टाके होते, मग ऊन होतं, मग ह्यांची शिफ्ट. ऊन उतरल्यावर एकदाचे गेलो. कुंपणाची भिंत, आत लांबच लांब सपाट जमीन, इथंतिथं उंचवटे. काहींवर दगड ठेवलेले, बहुतेकांवर काहीच नाही. हे फाटकातच थांबले. मी म्हटलं, "चला ना आत." तेव्हा त्यांनी हात वर केला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. "इकडं कुठंतरी," म्हणाले. ह्यांना जागा माहीत नाही, एवढं मला त्या हातावरून कळलं. का माहीत नाही, ते कळलं नाही. वाळू सरकली असेल, खुणा बुजल्या असतील, असं मी माझं मलाच समजावलं. मी एकटी आत जाऊन आले. उंचवट्यांमधून चालताना पाय कुठं ठेवावा तेच कळेना.

त्यानंतर आमच्या घरात आवाज उरला नाही. हे ओव्हरटाइम मागून घेऊ लागले. घरी आले की टीव्हीवर अरबी बातम्या लावून बसायचे; त्यातलं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं. मी ड्यूटीवर जायला लागले. नुकत्याच जन्मलेल्या मुलांच्या टाचेतून रक्त काढायला प्रसूती विभागात जावं लागायचं. ते काम दुसऱ्या कुणाला द्या असं मला म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. टाच दोन बोटांत धरायची, टोचायचं, काचेच्या नळीत थेंब ओढून घ्यायचा. मूल रडलं की बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याचा रागही यायचा.

समोरच्या घरात रत्नागिरीकडची एक मुसलमान बाई राहायची. मी तिला भाभी म्हणायची. तिचा नवरा बंदरावर एका जहाज कंपनीच्या कचेरीत होता. त्यांना आम्ही भाई म्हणायचो. भाभीची मुलं माझ्याशी इंग्रजीत बोलायची आणि भाभी त्यांना कोकणीतून ओरडायची. माझ्या त्या दिवसांत तिनं मला बोलून कधी दिलासा दिला नाही. दार उघडून आत यायची, गॅसवर भात लावायची, जवळ्याची चटणी आणलेली असायची ती झाकून ठेवायची आणि जायची. थंडी सुरू झाली तेव्हा मात्र एक दिवस बसली.

"बाय, तू हसू नको हां," ती म्हणाली. "फैलका बेट हाय ना, तिथं ख्वाजा खिजरचं ठाणं हाय. दर्याचा पीर तो. आमच्या गावच्या खलाशांच्या बायका त्याच्या नावानं पाण्यात दिवे सोडतात. इथल्या बाया पण जातात म्हणे. ज्यांचं टिकत नाय, त्या."

"भाभी, माझा नाही विश्वास."

"माझा हाय ना! तू नुसती चल. बोलायचं ते मी बोलेन."

मला वाटलं होतं हे नाही म्हणतील. पण ह्यांनी टीव्ही बंद केला. "तिथं एका जुन्या गावाचे अवशेष सापडलेत," म्हणाले. "चार हजार वर्षांपूर्वीचे म्हणतात. जाऊ या." कित्येक महिन्यांत ह्यांनी स्वतःहून काही हवंय असं म्हटलं नव्हतं. म्हणून मी तयार झाले.

शुक्रवारी सकाळी सालमियाच्या टोकावरून लाँच सुटली. भाई, भाभी आणि आम्ही दोघं. मुलांना भाभीनं बहिणीकडे ठेवलं होतं. वारा बोचरा होता. कुवेती कुटुंबं गालिचे, पातेली, चहाचे थर्मास घेऊन चढली होती, त्यांची मुलं डेकभर पळत होती. भाभीनं डोक्यावरचा पदर दातांत धरून ठेवला होता. बेट जवळ येईपर्यंत दिसतच नव्हतं. मग पाण्यावर एक मातकट रेघ दिसली, आणि तेच बेट.

उतरल्यावर गाव लागलं. बसकी घरं, शाळा, बोरीची झाडं, मोकाट शेळ्या. भाभीनं एका दुकानात तिच्या बाजारी अरबीत खिजरचं ठिकाण विचारलं. दुकानदार म्हातारा होता. त्यानं जीभ टाळूला लावून आवाज केला आणि दोन्ही तळवे उलटे करून दाखवले. "माकू," म्हणाला. नाही, म्हणजे उरलेलं नाही. असल्या नवसाच्या जागा धर्मात बसत नाहीत म्हणून ते ठाणं पाडून टाकलं होतं. भाभीला ते खरं वाटेना. म्हणाली, डोळ्यांनी बघू. भाईंनी एक पिकअपवाला गाठला आणि आम्ही बेटाच्या त्या टोकाला गेलो.

तिथं समुद्राकाठी एक बुटकी टेकडी होती आणि वर काहीच नव्हतं. पायाचा दगडसुद्धा ठेवला नव्हता. थोडा चुऱ्याचा पांढरा थर, चाकांचे जुने ओरखडे. भाभी त्या सपाट जागेत मधोमध उभी राहिली. मग तिनं माझा हात ओढला. "पसर हात. ठाणं गेलं, तो कुठं गेलाय?"

तिनं डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागली. मी तळवे पसरून उभी राहिले. मागायचं काय ते मला कळेना. आमची होती ती परत मागावी, तर ते कुणाच्याच हातात नव्हतं. दुसरं मागावं, तर तिच्या जागी दुसरं कुणी मागितल्यासारखं झालं असतं. भाभीचं संपेपर्यंत मी समुद्राकडे बघत राहिले. ह्यांनी तोवर पिकअपच्या आडोशाला दोन सिगारेटी संपवल्या होत्या.

अवशेषांच्या जागेला तारेचं कुंपण होतं. तिथल्या छोट्या संग्रहालयात नोकरीला असलेली एक इजिप्शियन बाई किल्ली घेऊन आली. चाळिशीची, जाडजूड, जाकिटाच्या खिशात सूर्यफुलाच्या बिया. इंग्रजी चांगलं बोलायची. शुक्रवारी लोक येतात आणि भिंतींवर उभे राहून फोटो काढतात, म्हणून ती आधीच वैतागलेली होती.

दगडी भिंती गुडघ्याएवढ्या उरल्या होत्या. त्या भिंतींमधून गाव समजत होतं. ही गल्ली, हा उंबरा, ही आतली खोली, हे सांडपाण्याचं गटार. एका कोपऱ्यात जळून काळी पडलेली गोल जागा होती. भाभी तिच्यापाशी उकिडवी बसली. "चूल बघ गो," म्हणाली. "वारा इकडून येतो म्हणून तोंड तिकडं केलंय. शहाणी होती बाई." भाई एका विहिरीत डोकावून पाणी आहे का बघत होते. एका घरातून दुसऱ्या घरात जायला आम्ही सगळे सरळ भिंती ओलांडत होतो. फक्त हे ओलांडत नव्हते. प्रत्येक खोलीचं दार कुठं होतं ते शोधायचे आणि वळसा घालून त्या दारातून आत जायचे. मी ते बघत होते. लग्न झालं तेव्हाचा माणूस मला त्यात दिसला, दुसऱ्याच्या घरात चपला बाहेर काढून ठेवणारा. मला वाटलं, बरं झालं आलो.

इजिप्शियन बाई सांगत होती. इथले लोक जहाजांवर जगायचे. तांबं यायचं, धान्य यायचं, इथून मोती जायचे. दगडाचे गोल शिक्के सापडले, त्यांवर हरणं आणि माणसं कोरलेली.

"मग ते गेले कुठं?" मी विचारलं.

"कुणाला ठाऊक? पाणी खारं झालं असेल. जहाजं दुसरीकडून जायला लागली असतील. लोक काम असतं तिथं राहतात. तुम्ही, मी, आपण इथं काय करतोय?"

ती शेवटच्या घराशी आली. लहानसं घर, दोन खोल्यांचं. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात जमिनीत एक खड्डा होता, परातीएवढा. मी विचारलं हे काय.

"इथं मूल होतं," ती म्हणाली. "मडक्यात घालून पुरलेलं. मोठ्या माणसांना गावाबाहेर नेत. अगदी तान्ह्यांना कधीकधी घरातच, फरशीखाली ठेवत."

"का?"

तिनं बीचं टरफल तोंडातून बाजूला उडवलं आणि खांदे उडवले. "आईला जवळ हवं असेल."

ती खरं सांगत होती की शुक्रवारच्या लोकांना सांगायची एक गोष्ट सांगत होती, मला माहीत नाही. पुढे मी कुठल्या पुस्तकात ते बघायला गेले नाही. त्या वेळी मी त्या खड्ड्याशी खाली बसले. त्या घरात एक बाई राहत होती. रोज ती त्या कोपऱ्यावरून ये-जा करत असेल, चटई तिथंच अंथरत असेल. सगळं गाव उठून गेलं तेव्हा तिनं काय केलं असेल, ते माझ्या मनात आलं आणि मग काही केल्या जाईना.

भाई, भाभी आणि ती बाई संग्रहालय बघायला गेली. हे दारात उभे होते, म्हणजे जिथं दार होतं तिथं. आत आले नाहीत. मग उंबऱ्याच्या दगडावर बसले.

"मी उतरलोच नाही," म्हणाले.

मला कळलं नाही. "कुठून?"

"गाडीतून. त्या दिवशी." ते खाली बघत बोलत होते. "धूळ एवढी होती की पुढचं बॉनेट दिसत नव्हतं. त्या दोघांनी तिला घेतलं आणि म्हणाले, चला. मी दार उघडलं. वाऱ्यानं दार उलटं खेचलं. मी ते परत लावून घेतलं. म्हटलं, तुम्ही जा. ते धुळीत गेले, आणि दिसेनासे झाले. मी आत बसून होतो. मग ते परत आले, हात झटकत."

"मीठ?"

"गाडीतच राहिलं. सीटवर."

मी विचारलं, कापड कुठलं होतं. म्हणाले, हिरवं, इस्पितळाचं. मी विचारलं, तोंड झाकलं होतं का. म्हणाले, हो. माझ्या डोक्यात इतक्या महिन्यांचं एक चित्र होतं: हे वाकून वाळू लोटताहेत, मीठ घालताहेत, हात जोडून उभे आहेत. रोज झोपताना ते चित्र मी समोर आणायची. ती एकटी गेली नाही, बाप बरोबर होता, यावर मी दिवस काढत होते. ते सगळं आता गेलं. दोन अनोळखी माणसं, त्यांच्याही डोळ्यांत धूळ जात होती, त्यांनीही घाईच केली असेल. त्यांना दोष तरी काय द्यायचा?

"आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारत होतीस जागा कुठली. ते विचारलं की मला..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "आत्ता ह्या बाईनं सांगितलं आणि मला राहवलं नाही."

ते रडले असते तर कदाचित मी जवळ गेले असते. ते रडले नाहीत. उंबऱ्यावर बसून बोटानं दगडाच्या फटीतली वाळू काढत राहिले. मी उठले. बाहेर पडायच्या दारात हे बसले होते, म्हणून भिंत ओलांडून गेले.

किनाऱ्यावर भाभीनं मला गाठलं. मी तिला सांगितलं. ती माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "घाबरला गो तो."

"मी नव्हते घाबरले? माझे पाय चालत असते तर मी गेले नसते?"

"गेली असतीस. म्हणून तर तुला तोंड दाखवायला त्याला जागा नाय राहिली."

"भाभी, मला त्यांच्याकडे बघवत नाही."

"आज नको बघू," ती म्हणाली. उद्याचं तिनं काही सांगितलं नाही.

परतीच्या लाँचमध्ये समुद्र खवळला होता. ह्यांना बोट लागली. कठड्याला धरून ओकायला लागले तेव्हा मी जाऊन त्यांचं कपाळ धरलं. त्यात माया नव्हती. इस्पितळात कुणी ओकलं की आपण कपाळ धरतो, तसं धरलं. त्यांना तो फरक कळला असणार, कारण थोड्या वेळानं त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला.

त्यानंतर हे अधूनमधून शुक्रवारी एकटेच बेटावर जाऊ लागले. सकाळी डबा घ्यायचे, संध्याकाळी उन्हानं रापून यायचे. तिथं काय करता असं मी विचारलं नाही. एकदा भाईंनी सांगितलं, की बंदरावरच्या लोकांना आता साहेब ओळखीचे झालेत. ते कुंपणाला टेकून बसतात आणि शेवटच्या लाँचनं परततात. मी एक-दोन वर्षांनी पुन्हा गरोदर राहिले. तेही गेलं, इतक्या लवकर की कुणाला सांगायची वेळ आली नाही. डॉक्टरीण बाईंनी मला समोर बसवलं आणि म्हणाल्या, तुम्हीच इस्पितळातल्या, तुमच्यापासून काय लपवायचं, आता पुन्हा मूल होणं कठीण आहे. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं." तो शब्द त्यांनी किती जपून उच्चारला ते मला कळलं, तरी त्या शब्दाचा राग माझ्या मनातून गेला नाही.

पलीकडे इराण-इराकचं युद्ध सुरू झालं. वारा तिकडून असला की लांबवर काहीतरी गडगडल्यासारखं ऐकू यायचं आणि आम्ही हात न थांबवता कपडे वाळत घालत राहायचो. कामं कमी व्हायला लागली. भाईंच्या कंपनीनं माणसं काढली, आणि भाभीचं बिऱ्हाड गावी परतलं. जाताना तिनं पिठाचे डबे, पाटा-वरवंटा, सगळं मला दिलं. "तुला आणखी काय देऊ गो," म्हणाली आणि दारातच मला धरून रडली. समोरच्या घरात मग एक इजिप्शियन कुटुंब आलं. त्यांची माझी ओळख झाली नाही. करून घ्यायची मला इच्छाच राहिली नव्हती.

त्या सुमारास बेटावर परदेशी लोक पुन्हा खोदकाम करत होते. थंडी संपता संपता हे मला म्हणाले, "एकदा येशील माझ्याबरोबर? शेवटचं. मग नाही म्हणणार."

मी गेले. लाँचमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. त्यांनी माझ्यासाठी चहा आणला, साखर जास्त घालून, मला आवडतो तसा. त्यांच्या हातावरचे पिकलेले केस बघून मला वाटलं, ह्यांना सुद्धा कुणीतरी माफ करायला हवं. पण ते कुणीतरी मी असावं, हे मला जमत नव्हतं.

खोदकामाचा हंगाम संपला होता. सामान पेट्यांत भरून चाललं होतं आणि पठाण मजूर उघडी केलेली घरं फावड्यांनी परत वाळूनं भरत होते. मला धक्काच बसला. एका तरुण परदेशी मुलीला मी विचारलं, एवढं कष्टानं काढलंत, मग बुजवता का?

"उघडं ठेवलं तर पाऊस आणि वारा दोन वर्षांत भिंती खाऊन टाकतो," ती म्हणाली. "पुरलेलं असतं तेच टिकतं."

नवीनच उकरलेलं एक घर होतं, आम्ही पूर्वी पाहिलेल्यापासून बरंच लांब. त्याच्या भिंती अजून स्वच्छ होत्या, खोलीच्या जमिनीवर कुंच्याचे वळ दिसत होते. दोन मजूर त्यात वाळू टाकायला लागले. हे कडेला उभं राहून बघत होते. मग त्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या दुमडल्या आणि पडलेलं एक फावडं उचललं.

"साहब, रहने दो," एक मजूर म्हणाला. "आपके कपड़े ख़राब होंगे।"

ह्यांनी फावडं वाळूत घातलं. त्यांना ते काम येत नव्हतं. वाळू फावड्यावरून घसरत होती, कमरेत वाकायची सवय नव्हती, थोड्याच वेळात दम लागला. तरी थांबेनात. कोपऱ्यापासून सुरुवात करून सावकाश, थर देत. फेकत नव्हते, ठेवत होते. मजूर एकमेकांकडे बघून हसले आणि मग हसायचे थांबले. त्यांनी दुसऱ्या खोलीचं काम घेतलं आणि ती खोली ह्यांना सोडून दिली.

मी एका पेटीवर बसून होते. ते काय करताहेत ते मला समजत होतं. माझ्या बाजूला दुसरं फावडं पडलेलं होतं, आणि हे मधूनच मान वर करून माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला बोलावलं नाही. मी उठून गेले असते तर आमचं उरलेलं आयुष्य निराळं झालं असतं, असं मला पुढे पुष्कळदा वाटलं. पण त्या वेळी मी स्वतःला उठ म्हणून सांगत होते आणि अंग हलत नव्हतं. माझ्या मनात एकच होतं: ही ती जागा नाही. ह्या वाळूखाली कुणी नाही. ह्यांचं समाधान होईल, आणि ती मात्र तिकडं तशीच राहील, मिठाशिवाय, कुणी न बघता ठेवलेली.

खोली भरली. त्यांनी फावड्याच्या पाठीनं वाळू सारखी केली. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. ते माझ्याकडे आले, समोर उभे राहिले.

"चलायचं?" मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले.

त्या उन्हाळ्यात मी राजीनामा दिला आणि मिरजेला परतले. भांडण झालं नाही. आईची तब्येत बरी नसते असं आम्ही लोकांना सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. हे तिथंच राहिले. वर्षातून एकदा यायचे, माझ्या भावांसाठी घड्याळं, सेंट आणायचे, माझ्यासाठी बदाम. सुट्टीभर आम्ही पाहुण्यांसारखे एकमेकांशी नीट वागायचो. त्यांच्या हाताला घट्टे पडले होते. रिफायनरीतल्या इन्स्ट्रुमेंटच्या कामानं तसे घट्टे पडत नाहीत. मी बघितले, आणि ताट वाढायला आत गेले.